हार्मोनची तपासणी नीट कशी करावी: काउंटरवरच्या पहिल्या प्रश्नापासून रिपोर्टवरच्या सहीपर्यंत

टीएसएच, प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन या तपासण्या आता तालुक्याच्या गावातल्या लहान लॅबमध्येही होतात, नाहीतर तिथून सॅम्पल पुण्या-मुंबईला जातं. मशीन उत्तम आली आहेत. तरीही हार्मोनचे रिपोर्ट फसवतात, आणि बहुतेक वेळा गडबड मशीनमध्ये नसते. ती सुई टोचण्याआधीच झालेली असते. सॅम्पल भलत्या वेळी किंवा पाळीच्या भलत्या दिवशी घेतलेलं असतं, नाहीतर एखाद्या गोळीबद्दल कोणी विचारलेलंच नसतं. क्रिएटिनिन सकाळी घ्या की संध्याकाळी, फारसं बिघडत नाही. कॉर्टिसॉलचं तसं नाही. वेळ माहीत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

हे लिहितो आहे ते लॅबमध्ये नव्याने लागलेल्या टेक्निशियनसाठी आणि स्वतःचं कलेक्शन सेंटर चालवणाऱ्यांसाठी. पेशंटनेही वाचावं. काउंटरवर कोणी विचारलं नाही तरी आपणहून काय सांगायचं, हे त्यातून कळेल.

पायरी 1: फॉर्मवर काय मागितलं आहे आणि कशासाठी

फॉर्मवर नुसतं ‘थायरॉइड’ लिहिलेलं असतं. त्यावर टी3, टी4 (थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन) आणि टीएसएच हे तिन्ही लावून मोकळं व्हायची सवय पडली आहे. साध्या चाळणीसाठी टीएसएच एकटा पुरतो. त्याचं कारण सोपं आहे. थायरॉइड ग्रंथीला काम सांगणारी, मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडते. पोर ऐकत नसलं की आईचा आवाज चढतो, तसा थायरॉइड मंदावला की टीएसएच चढतो. टी4 जरासा घसरला तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून आजार आधी तिथे दिसतो.

पण हाक मारणारी ग्रंथीच आजारी असेल तर हा हिशेब कोलमडतो. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, नंतर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, वर्षानुवर्षं थकवा आणि थंडी वाजणं, अशी बाई समोर आली तर शीहान सिंड्रोम मनात यायला हवा. आपल्याकडे तो अजून दिसतो. रक्तस्रावाच्या धक्क्याने पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिच्या पेशी मरतात. अशा बाईचा टीएसएच अगदी ‘नॉर्मल’ येऊ शकतो आणि फ्री टी4 (रक्तात मोकळा फिरणारा टी4) तळाला असतो. फक्त टीएसएच केला की रिपोर्ट स्वच्छ दिसतो आणि बाई आणखी काही वर्षं तशीच काढते. इथे फ्री टी4 तर हवाच, शिवाय सकाळचं कॉर्टिसॉलही हवं. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू केलं तर ॲड्रिनल क्रायसिस (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीचं काम अपुरं पडणं) येऊन जीवावर बेतू शकतं. कुठली तपासणी करायची हे टेक्निशियन ठरवत नाही, पण ही माहिती फॉर्मवर लिहून डॉक्टरांना फोन करणं त्याच्या हातात असतं. तो फोन करा.

पायरी 2: वेळ आणि दिवस

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, सकाळी आठच्या सुमारास भरात असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. म्हणून सॅम्पल सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान घ्यायचं आणि खरी वेळ ट्यूबवर लिहायची. ‘मॉर्निंग’ लिहून भागत नाही, साडेअकरालाही लोक सकाळच म्हणतात. पेशंट रात्रपाळीचा असेल तर त्याचं घड्याळच उलटं असतं. एमआयडीसीत नाइट करणारे, सिक्युरिटी गार्ड, नर्स यांना झोपेची वेळ विचारा आणि नोंदवा.

टीएसएच रात्री उशिरा सर्वात जास्त असतो, दुपारी सर्वात कमी. सकाळी 5 च्या पुढे असलेला टीएसएच दुपारी 4 च्या खाली दिसू शकतो. सीमेवरच्या पेशंटला या फरकाने औषध लागतं किंवा टळतं. त्यामुळे दर वेळी साधारण त्याच वेळी, शक्यतो सकाळी सॅम्पल द्यायला सांगा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी रक्त, मग गोळी. गोळी घेतल्यानंतर काही तास फ्री टी4 उगाचच चढलेला असतो. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच करून काही कळत नाही. थायरॉक्सिनचा अर्धा साठा शरीरातून जायला आठवडा लागतो आणि टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे. घाई केली की डोस उगीच वर-खाली होत राहतो, आणि याचा त्रास पेशंटलाच होतो.

पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी. नाश्ता झाला की ते खाली येतं. पहिला रिपोर्ट कमी आला तर निदान करायचं नाही, दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करायचं. एका रिपोर्टवर इंजेक्शन सुरू झाल्याची प्रकरणं ऐकली की वाईट वाटतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्रजंतू घटतात, आणि मूल हवं असलेल्या जोडप्याची पंचाईत होते.

बायकांच्या बाबतीत पाळीचा दिवस विचारल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. एफएसएच, एलएच (अंडाशयाला काम सांगणारे पिट्युटरीचे हार्मोन) आणि इस्ट्राडायॉल (अंडाशयाचं इस्ट्रोजेन) पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दिवस मोजायचा तो नीट रक्तस्राव सुरू झाल्यापासून, आधी डाग पडतात तेव्हापासून नाही. प्रोजेस्टेरॉनबद्दल ‘एकविसावा दिवस’ असं सगळ्यांना पाठ असतं, पण ते 28 दिवसांच्या चक्रासाठी आहे. स्त्रीबीज बाहेर पडलं का हे बघायला पुढची पाळी अपेक्षित असते त्याच्या सात दिवस आधी सॅम्पल लागतं. चक्र 35 दिवसांचं असेल तर तो अठ्ठाविसावा दिवस होतो. एकविसाव्याला घेऊन ‘बीज तयार होत नाही’ असा शिक्का मारलेल्या बायका पुढे विनाकारण औषधं घेत बसतात. एएमएच (अंडाशयातला बीजांचा साठा दाखवणारा हार्मोन) मात्र कुठल्याही दिवशी चालतो. 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन पाळी सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत आणि सकाळी लवकर घ्यायचं, नाहीतर तो आकडा चक्राच्या उत्तरार्धामुळे वाढला की ॲड्रिनलच्या आजारामुळे हे सांगता येत नाही.

प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं आणि ताणानेही वाढतं. जागं झाल्यावर दोन-तीन तासांनी या, असं सांगा. धावतपळत जिना चढून आलेल्या, सुईला घाबरलेल्या मुलीचं रक्त लगेच काढू नका. वीस मिनिटं शांत बसू द्या.

ग्रोथ हार्मोन तर झटक्या-झटक्याने सुटतं, त्यामुळे कधीतरी घेतलेला एक आकडा जवळजवळ निरुपयोगी. असा फॉर्म आला तर आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनमुळे तयार होणारा, रक्तात स्थिर राहणारा हार्मोन) किंवा औषध देऊन हार्मोन वाढवून वा दाबून बघायची ठरलेली तपासणी हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पायरी 3: औषधं नेमकी कशी विचारायची

“काही गोळ्या चालू आहेत का?” असं विचारलं की उत्तर “नाही” येतं. लोक बीपी आणि शुगरच्या गोळ्यांनाच गोळ्या समजतात. प्रश्न नावानिशी विचारावे लागतात:

“ताई, केस गळतीची, नखांची किंवा ताकदीची कुठली कॅप्सूल घेता का?”
“काका, ॲसिडिटीची गोळी रोज घेता? पाकीट आहे का जवळ?”
“चेहऱ्याला क्रीम लावता का? सांधेदुखीला कोणाकडून पुडी आणली होती का?”

पहिला प्रश्न बायोटिनसाठी. माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळ्यांत ते 5 ते 10 मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पटींनी जास्त. अनेक मशीनमध्ये तपासणीची अँटिबॉडी मण्याला चिकटवण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची जोडी वापरतात. पेशंटच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर तेच मण्यावरच्या जागा अडवतं. टीएसएचसारख्या मोठ्या रेणूच्या ‘सँडविच’ तपासणीत (हार्मोन दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडतात) त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. फ्री टी4, टी3 या लहान रेणूंच्या ‘स्पर्धात्मक’ तपासणीत (एकाच जागेसाठी पेशंटचं आणि मशीनचं हार्मोन झगडतात) तो खोटा जास्त येतो. टीएसएच खाली, टी4 वर: कागदावर हुबेहूब हायपरथायरॉइड, म्हणजे थायरॉइड जास्त चालणं. वजन उतरलेलं नाही, नाडी 76, हाताला थरथर नाही, आणि रिपोर्ट मात्र ग्रेव्हज आजाराचा (थायरॉइड जास्त चालवणारा आजार). अशा वेळी केसांच्या गोळीचं पाकीट मागवा. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी रिएजंट बदलले, तरी आपल्या मशीनचं माहितीपत्रक काढून बायोटिनची मर्यादा वाचून ठेवा. केसांच्या गोळ्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा डोस फार मोठा असेल तर जास्त दिवस लागतात, आणि ते डॉक्टरांनी ठरवावं.

दुसरा प्रश्न प्रोलॅक्टिनसाठी. ॲसिडिटीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, आणि ही दोन्ही प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतात. आपल्या घरांत या गोळ्या चहाआधी घ्यायच्या म्हणून ठेवलेल्याच असतात. मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनसारखी औषधंही तेच करतात. ती मात्र पेशंटने आपल्या मनाने कधीच बंद करायची नाहीत. फॉर्मवर नोंद करा, पुढचं त्यांचे डॉक्टर बघतील.

तिसरा प्रश्न स्टेरॉइडसाठी. गोरं करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड असतं, सांधेदुखीच्या काही निनावी पुड्यांत ते मिसळलेलं सापडतं, दम्याच्या पंपातूनही थोडं शरीरात जातं. हे दीर्घकाळ गेलं की ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावते आणि स्वतःचं कॉर्टिसॉल घसरतं. प्रेडनिसोलोनचा आणखी एक घोटाळा आहे. बऱ्याच कॉर्टिसॉल तपासण्या त्यालाच कॉर्टिसॉल समजून मोजतात आणि आकडा खोटा जास्त येतो. डेक्सामेथासोन तसं मोजलं जात नाही.

गर्भनिरोधक गोळ्या विसरू नका. इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं, मग एकूण कॉर्टिसॉल फुगलेलं दिसतं. पीसीओएससाठी टेस्टोस्टेरॉन बघायचं असेल तर या गोळ्या चालू असताना केलेली तपासणी फारशी कामाची नसते.

पायरी 4: ट्यूब, बर्फ, प्रवास

बहुतेक हार्मोन लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या सीरमवर होतात. रक्त काढल्यावर ट्यूब उभी ठेवून निदान अर्धा तास गोठू द्या. घाईने सेंट्रिफ्यूजला लावलं की सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात, मशीनची सुई ते ओढते आणि कुठलाही वेडावाकडा आकडा येतो.

अपवाद असे आहेत. एसीटीएच (ॲड्रिनलला काम सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन) फार लवकर मोडतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब आधीच गार करून ठेवायची, रक्त काढताच बर्फात घालायची, थंड सेंट्रिफ्यूजवर फिरवून प्लाझ्मा प्लॅस्टिकच्या नळीत काढायचा आणि लगेच गोठवायचा. थंड सेंट्रिफ्यूज नसलेल्या कलेक्शन सेंटरने एसीटीएचचं सॅम्पल घेऊ नये, पेशंटला मुख्य लॅबला पाठवावं. एका पेशंटचे पैसे सोडणं परवडतं. रेनिनचं (बीपी सांभाळणारं मूत्रपिंडाचं एन्झाइम) नेमकं उलटं आहे. ते बर्फात ठेवलं की निष्क्रिय प्रोरेनिन सक्रिय होतं आणि आकडा खोटा वाढतो, म्हणून ते खोलीच्या तापमानालाच हाताळायचं. एसीटीएचची सवय लागलेला हात रेनिनची ट्यूबही बर्फात घालतो, तिथे सांभाळा. पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) ईडीटीएमध्ये जास्त टिकतं, पण त्याच ट्यूबमधून कॅल्शियम करायचं नाही, कारण ईडीटीए कॅल्शियमच पकडून ठेवतं. इन्सुलिनचं सॅम्पल हिमोलाइज झालं, म्हणजे सीरम लालसर दिसलं, तर सरळ टाकून द्या. फुटलेल्या तांबड्या पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं.

गावाहून सॅम्पल पाठवताना रक्त तसंच पाठवू नका. सीरम वेगळं करूनच बर्फाच्या डब्यात घाला. एप्रिल-मेच्या उन्हात बाइकवरच्या डब्यात काय होतं ते पाहायचं असेल तर आत एक तापमाननोंद करणारा छोटा लॉगर ठेवून बघा.

पायरी 5: मशीनला लावण्याआधी

कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) दोन पातळ्यांचे तरी रोज लावा, आणि टीएसएचसाठी अगदी कमी पातळीचा एक वेगळा ठेवा. हायपरथायरॉइडचं निदान तळाच्या आकड्यांवर होतं, आणि मशीन आधी तिथेच डळमळतं. कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांच्या लेव्ही-जेनिंग्स आलेखावर बिंदू मांडा आणि रिपोर्ट कधी थांबवायचे हे सांगणारे वेस्टगार्डचे नियम लावा. एक कंट्रोल तीन एसडीच्या (प्रमाण विचलन) बाहेर गेला किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर गेले तर पेशंटचे रिपोर्ट थांबवा. ‘बसेपर्यंत’ कंट्रोल पुन्हा पुन्हा लावणं ही सर्वात वाईट सवय आहे. बाहेरची परीक्षाही हवी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता कार्यक्रमात देशभरातल्या लॅब भाग घेतात, लहान लॅबनेही घ्यावा.

पायरी 6: आकडा पेशंटशी जुळत नसेल तर

आपण हार्मोन मोजतो ते अँटिबॉडीच्या जोरावर. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी ही वाट न्यूयॉर्कमध्ये 1959-60 च्या सुमारास इन्सुलिनसाठी खुली केली. यालो यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा बर्सन हयात नव्हते. अब्जांश ग्रॅम मोजण्याची ताकद या पद्धतीने दिली, पण अँटिबॉडी फसली की आकडाही फसतो.

प्रोलॅक्टिनमध्ये हे दोन बाजूंनी घडतं. एमआरआयमध्ये पिट्युटरीची तीन सेंटिमीटरची मोठी गाठ आणि प्रोलॅक्टिन मात्र थोडंसंच वाढलेलं, असं दिसलं तर ‘हुक इफेक्ट’ची शंका घ्या. हार्मोन इतकं प्रचंड असतं की सँडविचच्या दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविच बनतच नाही आणि आकडा कोसळतो. सॅम्पल 1:100 पातळ करून पुन्हा लावा. हजारोंमध्ये आकडा आला तर पेशंटचं ऑपरेशन टळू शकतं, कारण प्रोलॅक्टिनची गाठ बहुधा गोळ्यांनी आक्रसते. दुसरी बाजू अशी की प्रोलॅक्टिन वाढलेलं, पण पाळी नियमित आणि छातीतून स्राव नाही. इथे मॅक्रोप्रोलॅक्टिन असू शकतं: अँटिबॉडीला चिकटून रक्तात साचलेलं, फारसं काम न करणारं प्रोलॅक्टिन. पॉलिइथिलीन ग्लायकॉलने ते खाली बसवून उरलेलं मोजा. 40 टक्क्यांहून कमी उरलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिनच मुख्य आहे. काही रुपयांच्या या रसायनामुळे एमआरआयचा खर्च आणि घरातली धास्ती वाचते.

कधी पेशंटच्या रक्तातल्या हेटरोफाइल अँटिबॉडी तपासणीच्या दोन अँटिबॉडींना हार्मोनशिवायच जोडतात. शंका आली तर सॅम्पल टप्प्याटप्प्याने पातळ करून बघा. आकडा त्या प्रमाणात उतरला नाही तर दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर लावा. बायकांच्या टेस्टोस्टेरॉनचे बारीक आकडे या पद्धतीला नीट पेलत नाहीत, तिथे मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू त्याच्या वजनावरून ओळखणारी पद्धत) जास्त खरी.

पायरी 7: औषध देऊन करायच्या तपासण्या

कुशिंगसाठी (कॉर्टिसॉल जास्त असण्याचा आजार) रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन आणि सकाळी आठ-नऊला कॉर्टिसॉल. 1.8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर ठीक. गोळी सहसा 0.5 मिलिग्रॅमची मिळते, म्हणून ‘दोन गोळ्या’ असं चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या आणि सकाळी रक्त काढण्याआधी विचारा, “किती वाजता घेतली? किती घेतल्या?” टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर डेक्सामेथासोन लवकर जिरतं आणि तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते.

ॲड्रिनलची ताकद बघायला 250 मायक्रोग्रॅम सिनॅक्थेन (कृत्रिम एसीटीएच) टोचून 0, 30 आणि 60 मिनिटांनी कॉर्टिसॉल घेतात. प्रत्येक ट्यूबवर मिनिटं लिहा, कारण तीन ट्यूब अदलाबदल झाल्या की सगळं वाया जातं. वर्षानुवर्षं 18 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरली जात होती. नव्या, जास्त नेमक्या पद्धतींत ती 14-15 च्या आसपास येते. आपल्या मशीनची सीमा कोणती ते आधी ठरवून ठेवा.

पायरी 8: रिपोर्ट

एकक तपासा. दुबई किंवा लंडनहून सुट्टीवर आलेला पेशंट फ्री टी4 पिकोमोलमध्ये घेऊन येतो. आपल्या नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरला 12.87 ने गुणलं की तो आकडा मिळतो. कॉर्टिसॉलच्या मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरला 27.6 ने गुणलं की नॅनोमोल मिळतात. गरोदरपणाचा महिना लिहून घ्या, कारण पहिल्या तिमाहीत टीएसएच स्वाभाविकपणे खाली येतो आणि साध्या मर्यादेने त्याला आजार म्हणता येत नाही. वय वाढतं तशी टीएसएचची वरची मर्यादाही थोडी वर सरकते.

काही आकडे छापण्याआधी फोनवर सांगायचे असतात. सकाळचं कॉर्टिसॉल 3 च्या खाली आणि सोबत सोडियम कमी असेल तर डॉक्टरांना लगेच गाठा. कोणाला, किती वाजता सांगितलं आणि त्यांनी आकडा परत वाचून दाखवला का, हे रजिस्टरमध्ये लिहा. नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तातला टीएसएच तर थांबूच शकत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी तो आपोआप उसळतो, म्हणून सॅम्पल 48 तासांनंतर घेतात. 40 च्या वर आला तर त्याच दिवशी बाळाला बोलावून शिरेतलं रक्त घ्यायचं, कारण पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बुद्धीची वाढ वाचते. पण फॉर्मवर पत्ता सासरचा असतो आणि बाळंतीण तोपर्यंत माहेरी गेलेली असते. सॅम्पल घेतानाच माहेरचं गाव आणि आईचा, मामाचा किंवा आजीचा असा दुसरा मोबाइल नंबर लिहून घ्या, आणि तो तिथेच एकदा लावून बघा.